कडी आतून, कडी बाहेरून: ठाणे-नवी मुंबईतल्या घराच्या सुरक्षेची तयारी

आमच्या पाचपाखाडीच्या घराला दार एकच. पण त्या एका दाराला दोन वर्षांपूर्वीपर्यंत पाच बंदोबस्त होते. बाहेर लोखंडी सेफ्टी डोअर, त्याला आतून कुलूप, मग लाकडी दार, त्याला लॅच, वर कडी आणि खाली टॉवर बोल्ट. सासूबाई रोज रात्री साडेदहाला ही सगळी आरती उरकूनच अंथरुणावर पडायच्या. मग जूनमधल्या एका रात्री तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीत शॉर्टसर्किट झालं. वीज गेली, जिन्यात धूर भरला आणि आम्ही चौघं दाराशी आलो तर सेफ्टी डोअरच्या कुलपाची चावी खिळ्यावर नव्हती. मोबाइलच्या उजेडात ती सापडायला चार मिनिटं लागली. होती सासूबाईंच्या गोळ्यांच्या डब्यात, ‘सुरक्षित’ ठेवलेली.

त्या रात्री कोणाला काही झालं नाही. खालच्या शेजाऱ्याने मेन स्विच पाडला आणि धूर हळूहळू निवळला. पण तेव्हापासून मी घराच्या सुरक्षेचा विचार दोन प्रश्नांनी करते. परक्याला आत यायला किती वेळ लागेल? आणि आपल्याला बाहेर पडायला किती? पहिलं उत्तर मिनिटांत हवं, दुसरं सेकंदांत. आपल्याकडे सगळा पैसा पहिल्यावर खर्च होतो आणि दुसरा प्रश्न कोणी विचारतच नाही.

एका रविवारी घड्याळ लावा

काहीही विकत घ्यायच्या आधी हे करा. रात्री दहा वाजता घरातले सगळे आपापल्या अंथरुणावर झोपा, दिवे घालवा, दार रोजच्यासारखं लावून घ्या. एकाने मोबाइलवर स्टॉपवॉच चालू करायचं आणि सगळ्यांनी इमारतीच्या फाटकापर्यंत पोहोचायचं, जिन्याने. आमची पहिली वेळ सहा मिनिटांच्या वर गेली. त्यात चष्मा, चप्पल, चावी आणि ‘गॅस बंद आहे का बघते’ एवढ्यालाच निम्मा वेळ गेला. काय अडलं ते लिहून ठेवा. खरेदीची यादी त्यातूनच निघते.

दुसऱ्या दिवशी उजेडात उलटी फेरी मारा. खाली रस्त्यावर उभं राहून आपल्या घराकडे चोराच्या नजरेने बघा. सांडपाण्याचे पाइप कोणत्या खिडकीजवळून जातात? एसीच्या बाहेरच्या युनिटचा स्टँड पाय ठेवायला सोयीचा आहे का? शेजारच्या गच्चीवरून आपल्या गच्चीत यायला किती फुटांची उडी? कोपरखैरणे, घणसोलीकडच्या बैठ्या घरांत हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. तिथे घरं एकमेकांना चिकटून असतात आणि एकाच्या गच्चीवरून रांगेतल्या पाचव्या घरापर्यंत आरामात चालत जाता येतं. माझ्या भावाने पुढच्या दाराला महागडं कुलूप बसवलं होतं आणि गच्चीच्या दाराला होती ती पत्र्याची कडी, जी स्क्रू-ड्रायव्हरनेही निघाली असती.

कडीकोयंडा

‘बंद घराचा कडीकोयंडा तोडून चोरट्यांनी...’ हे वाक्य वर्तमानपत्रात इतकं पाठ झालंय की आपण त्याचा अर्थ बघत नाही. चोर कुलूप तोडत नाही. कुलूप कितीही भारी असो, ते ज्या कोयंड्यात अडकवतो तो अर्ध्या इंचाच्या चार स्क्रूंवर दाराला धरलेला असतो. कटावणी घालून एक हिसका दिला की स्क्रूंसकट कोयंडा हातात येतो, आणि कुलूप तसंच बंद.

म्हणून पैसे कुलपावर घालण्याआधी ते ज्यात बसतं त्यावर घाला. दाराच्या जाडीत बसणारं मॉर्टिस लॉक किंवा आत दोन-तीन दांडे सरकणारं लॉक बसवून घ्या. कुलपाची जीभ चौकटीत जिथे शिरते तिथली पट्टी नुसत्या लाकडाला नाही, चौकटीतून पार भिंतीत जाणाऱ्या तीन इंची स्क्रूंनी पक्की करायला सांगा. सुतार ‘काय गरज आहे ताई’ म्हणेल; तरी करून घ्या. बिजागऱ्याही तपासा. सेफ्टी डोअर बाहेर उघडत असेल तर बिजागरीची पिन बाहेरच्या बाजूला येते आणि ती ठोकून काढता येते. ती वेल्ड करून घ्यायला फॅब्रिकेटरला काही मिनिटं पुरतात.

आत बसवलेल्या लॉकचा आणखी एक फायदा. बाहेर लोंबणारं कुलूप ‘घरात कोणी नाही’ असं ओरडून सांगतं. आतल्या लॉकवरून काही कळत नाही.

आता दुसरा प्रश्न. आतून उघडायला चावी लागता कामा नये. आतल्या बाजूला फिरवायची मूठ असलेलं लॉकच घ्या. सेफ्टी डोअरच्या जाळीतून हात घालून कोणी ती मूठ फिरवू नये म्हणून तिच्या भोवती पत्रा लावून मिळतो. जुनं कुलूपच ठेवायचं असेल तर चावीची जागा ठरलेली हवी: दारापासून हातभर, जाळीतून हात न पोहोचणारी, आणि लहान मुलालाही पोहोचेल इतकी खाली. ती तिथून हलवणाऱ्यावर आमच्या घरात दंड आहे, पन्नास रुपये. सासूबाईंनी एकदा भरलाय.

दाराचं भिंग दोन उंचीवर बसवा, एक मोठ्यांसाठी, एक मुलांसाठी आणि वाकलेल्या पाठीच्या माणसांसाठी. बॅटरीवरचं डिजिटल लॉक घेतलंत तर त्याची साधी किल्ली घराबाहेर कोणा विश्वासातल्याकडे असू द्या आणि ती चालते का हे एकदा तरी बघा.

गावाला जाताना दूध-पेपर बंद करणं सगळ्यांना माहीत आहे. पण दाराला खोचलेली जाहिरातीची पत्रकं आणि कुरिअरची चिठ्ठी शेजाऱ्यांना काढायला सांगायचं राहून जातं. गणपतीला कोकणात निघालात तर एसटीतला सेल्फी परत आल्यावर टाका.

ग्रिल: चोरासाठी केलेला पिंजरा

ठाण्यातल्या जवळजवळ प्रत्येक इमारतीला बाहेर आलेली बॉक्स ग्रिल आहे. तिच्यात तुळस, सायकल, जुना कुलर आणि लोणच्याच्या बरण्या. चोर यातून येत नाही हे खरं. पण आग लागली तर यातून कोणी बाहेरही पडत नाही, आणि शिडीवरून आलेला अग्निशमन दलाचा जवान आतही येत नाही. २०२५ च्या दिवाळीत वाशीतल्या एका उंच इमारतीच्या वरच्या मजल्यांवर आग लागून चार जणांचा जीव गेला. अशी बातमी वाचली की मी आधी खिडक्यांकडे बघते.

घरातल्या निदान एका ग्रिलला बिजागरीची झडप हवी, मोठा माणूस निघेल एवढी; साधारण दोन फूट बाय अडीच फूट. तीही शक्यतो रस्त्याकडच्या बाजूला, जिथे शिडी लागू शकते. झडपेला आतून छोटं कुलूप, चावी त्याच खोलीत ठरलेल्या जागी. मुलं लहान असतील तर चावी उंचावर. झडपेसमोर काहीही ठेवायचं नाही, तुळससुद्धा नाही. सहाव्या मजल्यावरून उडी मारायला ही झडप नाही, हे मुलांना समजावून सांगा. ती शिडीसाठी, मोकळ्या हवेसाठी आणि खालच्यांना आपण दिसावं यासाठी आहे.

आग आणि गॅस

घरफोडीपेक्षा या गोष्टीवर मी जास्त वेळ घालवते, कारण इथे दोन-तीन चुकीच्या सवयी माणसाला मारतात.

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतू नका. पाणी तळाशी जाऊन क्षणात वाफ होतं आणि पेटतं तेल छतापर्यंत उडवतं. शेगडीचं बटण बंद करा, कढईवर ताट किंवा मोठं झाकण सरकवा आणि ती थंड होईपर्यंत झाकण उचलू नका. कढई उचलून मोरीकडे धावणं ही दुसरी चूक.

गॅसचा वास आला तर आधी आपल्याकडे कोणता गॅस आहे ते आठवा. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, तो फरशीवर पसरतो आणि ओट्याखाली साचतो. पाइपचा गॅस हलका असतो, तो छताकडे जातो. म्हणून सिलिंडर असेल तर दारं उघडून खालची हवा वाऱ्यानेच बाहेर जाऊ द्या. पाइप असेल तर वरच्या झडपा आणि खिडक्या उघडा. दोन्हीत विजेचं एकही बटण दाबायचं नाही. चालू दिवा चालूच ठेवायचा, बंद पंखा बंदच. ठिणगी बटण बंद करतानाही पडते, आणि हे आपल्या हाताला माहीत नसतं. रेग्युलेटर बंद करून काढा आणि सिलिंडरला सेफ्टी कॅप लावा. पाइपचा गॅस असेल तर व्हॉल्व्ह आडवा करा. मग घराबाहेर जाऊन फोन. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा चोवीस तासांचा क्रमांक आहे. पाइपच्या गॅससाठी बिलावर आपत्कालीन क्रमांक छापलेला असतो. तो आत्ताच फोनमध्ये घाला, वास आल्यावर बिल शोधू नका.

एक अग्निशामक सिलिंडर घरात असावा: एबीसी पावडरचा, दोन किंवा चार किलोचा, आयएसआय छाप असलेला. चार किलोचा उचलून बघा. घरातल्या सगळ्यात अशक्त माणसाला झेपेल तोच घ्या. तो ओट्याशेजारी टांगू नका. आग ओट्यावर लागली तर तिथे हात कसा घालणार? स्वयंपाकघराच्या दाराबाहेर ठेवा. पिन ओढा, नळी ज्वाळांवर नाही तर आगीच्या बुडाशी धरा, दांडा दाबा आणि डावीकडून उजवीकडे फिरवा. छोटा सिलिंडर काही सेकंदांत रिकामा होतो. तेवढ्यात आग विझली नाही तर बाहेर पडा. पाठ नेहमी दाराकडे असू द्या. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का हे महिन्याला एकदा बघा.

विजेचं काम जाणणाऱ्याकडून मेन बोर्डात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी आहे का ते तपासून घ्या. एमसीबी तारा जळण्यापासून वाचवतो, माणसाला झटक्यापासून वाचवतो तो आरसीसीबी. आणि ई-स्कूटरची बॅटरी दाराच्या वाटेत, झोपेच्या वेळी चार्जिंगला लावू नका. आग लागली तर तीच वाट अडवते.

आपल्याच घरात आग लागली आणि आटोक्यात येत नसेल तर सगळे बाहेर, त्या खोलीचं दार ओढून घ्यायचं, बाहेरचंही दार ओढायचं पण कुलूप लावायचं नाही. १०१ किंवा ११२ ला फोन बाहेर आल्यावर. लिफ्ट नाही. धूर असेल तर गुडघ्यांवर, कारण श्वास घेण्यासारखी हवा जमिनीलगत असते.

आग दुसऱ्याच्या घरात असेल तर मात्र नियम बदलतो. दाराला हाताची मागची बाजू लावून बघा. गरम असेल किंवा जिन्यात धूर भरला असेल तर जिन्यात शिरू नका. दार बंद करा, फटीत ओले टॉवेल कोंबा, रस्त्याकडच्या खिडकीशी या, फोन करून विंग आणि मजला सांगा आणि टॉर्च हलवत राहा. वर गच्चीकडे पळायची ऊर्मी येते. पण धूरही वरच जातो, आणि बऱ्याच सोसायट्यांत गच्चीला कुलूप असतं. २४ मीटरपेक्षा उंच इमारतीत रेफ्यूज एरिया, म्हणजे आगीच्या वेळी थांबायची मोकळी जागा, असतो. आपल्या इमारतीत तो कितव्या मजल्यावर आहे आणि तिथे सध्या कोणाचा जुना सोफा पडलाय, हे बघून या.

सोसायटीच्या सभेत एकच प्रश्न विचारा: फॉर्म बी दाखवा. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार अग्निसुरक्षेची यंत्रणा चालू असल्याचा हा दाखला परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत घ्यावा लागतो. सभेत या प्रश्नावर थोडा वेळ शांतता पसरते, असा माझा अनुभव आहे. मग पार्किंगचा विषय काढा: बंब आत येऊन वळेल एवढी जागा रात्री अकरा वाजता उरते का?

दारावर कोण आहे

दार फोडण्यापेक्षा उघडून घेणं सोपं. ‘पोलीस असल्याची बतावणी करून’, ‘दागिने पॉलिश करून देतो सांगून’, ‘गॅसची तपासणी आहे म्हणून’ या तिन्ही गोष्टी दुपारी अकरा ते चार या वेळेत, म्हातारी माणसं एकटी असताना घडतात. घरात एक साधा नियम करा: न बोलावलेल्या माणसाशी लाकडी दार उघडून पण सेफ्टी डोअर बंद ठेवून बोलायचं. ओळखपत्र जाळीतून घ्यायचं नाही. ज्या कार्यालयातून आल्याचं तो सांगतो तिथे आपण शोधलेल्या क्रमांकावर फोन करायचा, त्याने दिलेल्या नाही. खरा माणूस थांबतो. खोटा माणूस घाई करतो किंवा रागावतो.

सासूबाईंना हा नियम पटायला वेळ लागला, कारण दारात उभ्या माणसाला पाणी न विचारणं त्यांना असभ्य वाटतं. तडजोड अशी झाली: पाणी द्यायचं, पण जाळीच्या झडपेतून.

फोनवरून येणारा चोरही हल्ली घरातच शिरतो. ‘डिजिटल अटक’ असा कोणताही प्रकार कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर कोणी गणवेशात बसून पैसे मागत असेल तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीला लगेच कळवा. पहिल्या तासात पैसे गोठवता येण्याची शक्यता जास्त.

भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं हे बहुतेकांना कागदी कटकट वाटतं. जुईनगरला नोव्हेंबर २०१७ मध्ये चोरट्यांनी खोट्या नावाने शेजारचा गाळा भाड्याने घेतला, तिथून भुयार खणलं आणि बँकेचे लॉकर फोडले. गाळा देणाऱ्याने भाडं वेळेवर घेतलं असणार! महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर भाडेकरूची माहिती घरबसल्या भरता येते. घरकामाला येणाऱ्यांचीही नोंद करा, पण माणुसकीने. त्यांना संशयित ठरवून नाही, तर त्यांचा पत्ता आणि घरच्यांचा फोन आपल्याकडे असावा म्हणून. मावशींना चक्कर आली तर कळवायचं कोणाला?

आणि एक गोष्ट, जी अशा लेखांत येत नाही. धोका कधीकधी आधीच घरात असतो आणि बाहेरच्या कड्या त्याला मदतच करतात. मारहाण होत असलेल्या बाईसाठी वेगळी तयारी लागते: कागदपत्रांच्या प्रती बहिणीकडे किंवा मैत्रिणीकडे, थोडे पैसे वेगळे, शेजारच्या घराशी ठरलेली खूण. १८१ ही महिलांसाठीची, १०९८ मुलांसाठीची मदतवाहिनी आहे.

रात्री आवाज आला तर

हातात लाटणं घेऊन अंधारात बघायला जायचं नाही. सिनेमा वेगळा. आत कोण आहे, किती जण आहेत, त्यांच्या हातात काय आहे, यातलं काहीच आपल्याला माहीत नसतं. त्याला मात्र पळून जायचं असतं. त्याची वाट आपण अडवली की तो हल्ला करतो.

क्रम असा ठेवा. घरातले सगळे आधीच ठरलेल्या एका खोलीत. आतून मजबूत कडी असलेली, खिडकी रस्त्याकडे उघडणारी खोली निवडा. आमच्याकडे ती मुलीची खोली आहे. तिथे एक चार्ज केलेला जुना फोन, टॉर्च, शिट्टी आणि घराच्या चाव्यांचा जुडगा ठेवलाय. चावी खिडकीतून खाली टाकली की पोलीस दार न फोडता आत येतात. दार लावा, पलंग किंवा टेबल सरकवा, दिवे लावा, मोठ्याने बोला: ‘पोलिसांना फोन केलाय!’ मग खरंच करा.

११२ वर बोलताना आधी पत्ता, मग काय झालं ते. फोन मध्येच तुटला तरी गाडी निघेल. नवी मुंबईत नुसतं ‘सेक्टर १०’ सांगू नका. सेक्टर १० वाशीतही आहे, नेरुळमध्येही आणि ऐरोलीतही. आधी नोड (म्हणजे वाशी, नेरुळ असा भाग), मग सेक्टर, प्लॉट, इमारत, विंग, मजला, आणि एक खूण, रिक्षावाल्याला सांगतो तशी. हा पत्ता मुलांकडून पाठ करून घ्या. पाहुणे आणि मावशींसाठी दाराच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवा. बोलता येत नसेल तर फोनचं पॉवर बटण काही फोनमध्ये तीनदा, काहींत पाच वेळा दाबल्यावर आपत्कालीन कॉल जातो. तुमच्या फोनमध्ये काय आहे ते सेटिंगमध्ये आजच बघा.

समोरासमोर आलाच तर: वस्तू देऊन टाका. मंगळसूत्र पुन्हा करता येतं. हात दिसतील असे ठेवा, वाट मोकळी करा, डोळ्याला डोळा भिडवून आव्हान देऊ नका. पण उंची, बोली, चपला, हातावरचं गोंदण हे मनात टिपा.

वस्तू देऊनही तो अंगावर येत असेल, किंवा त्याला वस्तू नकोच असतील, तेव्हाच लढायचं. आणि लढायचं ते निसटण्यापुरतं. मनगट पकडलं तर हात अंगठ्याच्या बाजूने झटकून काढा, पकडीत तीच बाजू कच्ची असते. तळहाताचा खालचा भाग नाकावर, गुडघा जांघेत, टाच पायाच्या पंजावर. अंतर राखायला खुर्ची पुढे धरा. सुरी उचलू नका. सवय नसलेल्या हातातली सुरी दोन सेकंदांत दुसऱ्याच्या हातात जाते. आणि ओरडा, पोटातून. दबक्या आवाजात वाढलेल्या आपल्या मुलींना हेच सगळ्यात अवघड जातं. मी लेकीला येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी सकाळी नेऊन ओरडायची सवय करायला लावली. पहिल्या दिवशी ती फक्त हसली.

मिरपूड स्प्रे परवान्याशिवाय मिळतो. पण तीन गोष्टी पाहा: त्यावरची मुदत, वाऱ्याची दिशा, आणि बंद खोलीत तो आपल्याही डोळ्यांत जातो ही गोष्ट. पर्सच्या तळाशी असेल तर नसल्यातच जमा. घरच्या तिखटाची पुडी फारशी कामाची नाही.

कायदा कुठपर्यंत साथ देतो

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ ही स्वसंरक्षणाची कलमं आहेत. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही शरीराचं, तसंच मालमत्तेचं रक्षण करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण कलम ३७ दोन मर्यादा घालतं: पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि बचावाला आवश्यक त्याहून जास्त इजा करता येत नाही. जीव जाण्याची किंवा गंभीर दुखापतीची, बलात्काराची, अपहरणाची रास्त भीती असेल तर हक्क हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंत पोहोचतो. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी होणाऱ्या घरफोडीचा उल्लेख कलम ४१ मध्ये स्वतंत्रपणे आहे. मात्र चोर घराबाहेर पडला, पाठ फिरवून पळू लागला की चित्र बदलतं.

म्हणूनच सोसायटीत सापडलेल्या चोराला खांबाला बांधून मारणं हा बचाव नाही, गुन्हा आहे. आणि मारणारे आरोपी होतात. आपल्या डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला सामान्य नागरिक पकडू शकतो, पण त्याला विनाविलंब, सहा तासांच्या आत पोलिसांकडे द्यावं लागतं.

तलवार, गुप्ती, रामपुरी चाकू ‘संरक्षणासाठी’ घरात ठेवण्याचा विचार सोडा. शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो तो तुमच्यावर. सणासुदीला किंवा निवडणुकीत पोलीस आयुक्त महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश काढतात, तेव्हा लाठी घेऊन फिरणंही बंद असतं.

घरफोडी झालेली दिसली तर आत जाऊ नका; कपाटाला हात लावू नका. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. प्रत मोफत मिळते, मागून घ्या. दागिन्यांचे फोटो आणि पावत्या असतील तर पंचनामा आणि विमा, दोन्हीकडे काम सोपं होतं.

पाऊस, खाडी, कारखाने, डोंगर

इथले धोके आपापल्या गल्लीनुसार बदलतात. ठाण्यात वंदना टॉकीज आणि चिखलवाडीकडच्यांना पाणी तुंबण्याचं सांगायला नको. तळमजल्यावर राहत असाल तर पाणी उंबऱ्याशी येण्याआधी मेन स्विच पाडा. पाण्यात उभं राहून बोर्डाला हात लावू नका. तळघरातली गाडी काढायला जाऊ नका. नवी मुंबईचे बरेच भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. सिडकोने त्यासाठीच धारण तलाव, म्हणजे भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवणारे तलाव, आखले. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की पाणी बाहेर जायला वाट नसते. म्हणून पावसाळ्यात भरतीचं वेळापत्रक बघायची सवय लावा.

ऐरोली, रबाळे, तुर्भे किंवा तळोज्याजवळ राहणाऱ्यांना रात्रीचा उग्र वास नवा नाही. पण डोळे चुरचुरायला लागले, घसा आवळला तर खिडक्या बंद, एसी आणि एक्झॉस्ट बंद, फटींना ओला कपडा, नाकावर ओला रुमाल. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे तळमजल्यावरून वर जा. बाहेर पडावंच लागलं तर वाऱ्याच्या पुढे पळू नका. वारा एका बाजूने अंगावर येईल असं, वाऱ्याला आडवं चाला.

डोंगराच्या पायथ्याशी असाल, जसं कळव्याला घोलाईनगरमध्ये जुलै २०२१ ला दरड कोसळून पाच जण गेले, तर झाडं तिरकी होणं, भिंतीतून गढूळ पाणी येणं, ही निघायची वेळ. जुन्या इमारतीत खांबाला नवा तडा, आणि कालपर्यंत नीट लागणारं दार अचानक अडकायला लागणं, ही खूण. तीस वर्षं झालेल्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण महापालिका कायद्याने बंधनकारक आहे. महापालिकेच्या यादीत इमारत सी-१ असेल तर ती राहण्यायोग्य नाही, सी-२ए असेल तर रिकामी करून दुरुस्ती.

येऊरच्या कडेला राहणाऱ्यांसाठी एक ओळ: फेब्रुवारी २०१९ मध्ये बिबट्या थेट कोरम मॉलच्या परिसरात आला होता. दिसला तर दार लावून वनविभागाला कळवा. व्हिडिओ काढायला खाली उतरणारे शहाणे मी पाहिलेत.

पिशवी आणि कागद

दाराजवळ एक सॅक. टॉर्च, पॉवर बँक, शिट्टी, आठवड्याची औषधं आणि प्रिस्क्रिप्शनचा फोटो, सुटे पैसे (वीज गेली की यूपीआयही जातं), आधार-पॅन-विम्याच्या प्रती, जुना चष्मा, सॅनिटरी पॅड, चणे-गूळ. पाणी माणशी दिवसाला तीन लिटर धरून तीन दिवसांचं घरात वेगळं.

भेटायच्या जागा दोन. जवळची: सोसायटीसमोरच्या औषधाच्या दुकानाशी. लांबची: खाडीच्या दोन्ही बाजूंना एकेक घर. २६ जुलै २००५ ला ज्यांनी रूळांवरून चालत घर गाठलं, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. ऐरोलीचा किंवा कळव्याचा पूल बंद झाला तर ठाण्याचा माणूस भावाकडे कोपरखैरण्यात थांबेल, भावाची मुलगी आमच्याकडे. आणि निरोप ठेवायला नाशिकची मावशी. स्थानिक फोन लागत नाहीत तेव्हा बाहेरगावचा लागतो, आणि फोन नाही लागला तरी साधा एसएमएस पोहोचतो.

दाराच्या मागे लावलेल्या आमच्या कागदावर पत्ता, ११२, १०१, १०८, १९०६, शेजारच्या दोन घरांचे क्रमांक आणि शेवटच्या कवायतीची वेळ आहे. सध्याची वेळ एक मिनिट चाळीस सेकंद. त्यातले तीस सेकंद अजूनही सासूबाईंच्या चष्म्याचे आहेत. तो आता दोरीने उशाशी बांधलाय. पुढची फेरी जुलैत, फॉर्म बीच्या वेळेला.